वन डाउन

आमच्या रविवारच्या टीममध्ये त्याला सगळे देवा म्हणतात. खरं नाव स्कोअरबुकात आहे, पण त्यापुढचा आकडा वाचण्यासारखा क्वचितच असतो, म्हणून तिकडे कुणाची नजर जात नाही.

देवा वन डाउन येतो. येतो म्हणजे निघतो. दोरी ओलांडताना उजवा पाय आधी. चुकून डावा पडला तर मागे जाऊन पुन्हा. मग वाकून माती कपाळाला, छातीला. बॅटच्या मुठीला बांधलेला लाल धागा डोळ्यांना. लॉकेट बाहेर काढायला ग्लोव्ह काढायचा, लॉकेट ओठांना लावायचं, आत सोडायचं, ग्लोव्ह पुन्हा चढवायचा. वेल्क्रोची ती खर्रर्र ऐकली की नॉनस्ट्रायकर बॅटीवर रेलून घेतो. गार्ड घेतला की सूर्याला नमस्कार. ऊन बॅट्समनच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून खेळपट्ट्या दक्षिणोत्तर आखतात, त्यामुळे पूर्वेला तोंड केलं की कधीकधी समोर नेमका स्क्वेअर लेगचा अंपायर येतो. अंपायर नवा असला तर त्याला वाटतं, हा आपल्यालाच हात जोडतोय. तोही जोडतो.

दादर-माहीमला राहण्याचा देवाला मोठा फायदा. मंगळवारी सिद्धिविनायक, बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेना, गुरुवारी साईबाबा, शुक्रवारी मखदूमबाबांचा दर्गा, शनिवारी मारुती. मी एकदा विचारलं, एवढे कशाला? तर म्हणाला, "एक बाजू मोकळी सोडून फील्डिंग लावतोस का तू?" नेट प्रॅक्टिसला फक्त सोमवार उरतो, हे मी बोललो नाही.

चौकार गेला की देवा आभाळाकडे बघतो. ही सवय कुठून आली ते सांगायला नको. 1999च्या वर्ल्ड कपमध्ये वडील गेले म्हणून सचिन मुंबईला आला, अंत्यविधी करून परत गेला आणि ब्रिस्टलला केनियाविरुद्ध नाबाद 140 काढून त्यानं वर पाहिलं. देवानं ती नजर जशीच्या तशी उचलली. अडचण एकच. देवाचे वडील हयात आहेत, आणि दर रविवारी झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत स्कोअरबुक घेऊन बसतात. चौकार लिहिता लिहिता ओरडतात, "अरे, मी इथं बसलोय! वर काय बघतोस?"

2007 साली अथेन्सला चॅम्पियन्स लीगची फायनल जिंकल्यावर फुटबॉलपटू काकानं जर्सीखालचा 'आय बिलाँग टू जीझस' लिहिलेला शर्ट दाखवला होता. फुटबॉलच्या नियमांत आता असं काही दाखवायला बंदी आहे. आमच्याकडे बंदी नाही, म्हणून देवानं एकदा विनिंग रन काढल्यावर शर्ट वर केला. आतल्या बनियनवर 'साईनाथ प्रसन्न' होतं. प्रसन्नच्या जागी भोक पडलेलं.

मला यात ढोंग दिसत नाही. हिशेब दिसतो. चौकार देवाचा, एलबीडब्ल्यू अंपायरचा, बोल्ड पीचचा, रनआउट तर आजवर कायम माझाच. आणि समोरचा बोलरही शिवाजी पार्कच्या उद्यान गणेशाला हात जोडूनच आलेला असतो, हा विषय देवा काढू देत नाही.

2023च्या वर्ल्ड कपमध्ये दिल्लीला हेल्मेटचा पट्टा तुटला आणि अँजेलो मॅथ्यूज एकही चेंडू न खेळता टाइम्ड आउट झाला. त्या दिवसापासून मैदानावरच्या प्रत्येक कॅप्टनला हा नियम पाठ आहे. नव्या बॅट्समनला तयार व्हायला त्या स्पर्धेत दोन मिनिटं होती, क्रिकेटच्या मूळ कायद्यात तीन. तीन मिनिटांत चहा होतो. गेल्या हिवाळ्यात देवा दुसऱ्या ग्लोव्हपर्यंत पोचला आणि समोरच्या कॅप्टननं मोबाइल वर धरून अपील केलं. अंपायरनं बोट वर केलं. सूर्याला नमस्कार राहूनच गेला.

देवा परत आला. कारण द्यायला कुणी सापडत नव्हतं. पीच नाही, ऊन नाही, मीही नाही. वडिलांनी पेन्सिलच्या टोकाला थुंकी लावली आणि मला विचारलं, "टाइम्ड आउटची विकेट बोलरला देतात का रे?"

"नाही काका. कुणालाच नाही."

"मग लिहू कुणाच्या नावावर?" असं म्हणून त्यांनी, मी पाहिलं तेव्हापासून पहिल्यांदाच, मान वर केली.