किडेकाका

पावसाळ्यात बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात निघालेल्या प्रत्येक घोळक्यात एक किडेकाका असतातच. बँकेतून निवृत्त, गळ्यात भिंग, हातात लांब दांड्याची छत्री. ती कधी डोक्यावर येत नाही; झुडपाखाली उलटी धरून काका फांदी हलवतात आणि आत काय पडलं ते बघतात. लोकांना बिबट्या हवा असतो. "बिबट्या काय, कुणालाही दिसेल. इकडे या!"

इकडे म्हणजे एखादं खोड. त्यावरचा मातीचा पापुद्रा दातकोरणीने उचलून ते वाळवी दाखवतात. "कामकरी. आंधळे आहेत, पण एक तरी रिकामा दिसतोय का? सुकलेलं लाकूड, पाचोळा नेतात आणि वारुळात बुरशीची शेती करतात. वारुळावरची अळंबी चवीने खाता ना? ती यांची!"

मग काडीकिडा. "दिसला?" "नाही." "अहो, बोटासमोर!" शेवटी डब्यातले पोहे आठवून सगळेच "हो हो, दिसला" म्हणतात. तेवढ्यात एक काडी वारा नसताना डुलते आणि खोटं बोललेलेही खरोखर दचकतात. "दिवसभर काडी, रात्री हिरवी पानं खातो. शत्रूने पाय धरला तर पाय सोडून पसार. पिल्लू असेल तर पुढे कात टाकताना नवा फुटतो!"

मग कौटुंबिक भाग. वाळवीचा राजा जन्मभर राणीजवळ राहतो. काडीकिड्यांच्या काही जातींत नर नसला तरी मादीच्या अंड्यांतून पिल्लं निघतात. थर्मास सांभाळत उभ्या काकू म्हणतात, "बरंय बाई तिचं."

काका माणसंही याच दोन खणांत टाकतात. सोसायटीची टाकी धुणारे ते वाळवी. वर्गणीच्या दिवशी दाराआड निश्चल उभे राहणारे काडीकिडे.

घरी त्यांच्या कीटकांच्या पुस्तकांनाच वाळवी लागली. काकूंनी पेस्ट कंट्रोलवाला बोलावला, तर काका भिंग घेऊन आडवे आले: "आधी जात तर बघू द्या! कागद म्हणजे शेवटी लाकूडच. चूक तिची नाही."

असे काका तुमच्याही ओळखीत असतील. एका रविवारी त्यांच्याबरोबर जाच. बिबट्या दिसणार नाही, वाट अर्धीही संपणार नाही. पण नंतर कुठलीही काडी मोडण्याआधी तुम्ही दोनदा बघाल. डबा मात्र बरोबर घ्या.