पोलिसांच्या पसंतीचा बचाव वकील

वकिलाची फी परवडत नसलेल्या आरोपीला सरकारने वकील द्यावा, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली दिला. खटला फ्लोरिडाच्या क्लॅरन्स गिडियनचा. अर्ज त्याने तुरुंगातून पेन्सिलीने खरडला होता.

त्याच फ्लोरिडात या सरकारी बचाव वकिलांचा प्रमुख दर चार वर्षांनी निवडणुकीला उभा राहतो. आता प्रचारात सांगायचे काय? ‘मी चोर सोडवतो’?

जॅक्सनव्हिलच्या मॅट शर्क यांनी २००८ मध्ये तोड काढली. पोलीस संघटनेचा पाठिंबा घेतला आणि जिंकले. म्हणजे ज्यांनी पकडायचे, त्यांनीच आरोपीचा वकीलही पसंत करायचा! खुर्चीत बसताच त्यांनी कार्यालयातले अनुभवी वकील घरी पाठवले. अशिलांचे मत कोण विचारणार? गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली की तिथे मतदानाचा हक्कही जातो.

२०१६ मध्ये शर्क पक्षांतर्गत निवडणुकीतच पडले.