सहा व्यक्ती, ४०८ किलो

प्रत्येक सोसायटीत एक तरी ब्रूनो असतो. पाचव्या मजल्यावरच्या टू बीएचकेमध्ये तो पहिल्यांदा येतो तेव्हा प्लास्टिकच्या टोपलीत मावतो, कारण त्या दिवशी धाकटीचा वाढदिवस असतो आणि त्याला केकच्या शेजारी ठेवायचं असतं. बिल्डिंगमधली पोरं बघायला गर्दी करतात, आजी दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरा बांधतात, फोटो निघतात. त्या गडबडीत लिफ्टमधल्या पाटीकडे कुणीच बघत नाही.

पाटी साधी आहे : ‘६ व्यक्ती, ४०८ किलो’. भागाकार केला की माणशी ६८ किलो येतात. ब्रूनो ग्रेट डेन जातीचा कुत्रा, आणि या जातीचा पूर्ण वाढलेला नर साधारण ६५ ते ८० किलोंचा भरतो. म्हणजे लिफ्टच्या हिशेबात ब्रूनो सोसायटीचा सभासदच आहे. फक्त तो मेंटेनन्स भरत नाही आणि वार्षिक सभेला येत नाही, आणि या दोन्ही बाबतींत तो एकटा नाही.

हा प्राणी जन्मतो अर्धा-पाऊण किलोचा आणि वर्षभरात पन्नास किलोंच्या घरात जातो. लिफ्ट मात्र तेवढीच राहते : जेमतेम मीटरभर लांब-रुंद पेटी. ब्रूनो तिच्यात तिरकाच उभा राहू शकतो. तोंड आरशाकडे, शेपूट बटणांकडे. मालकाला बघून आनंद झाला की शेपूट हलते, शेपूट हलली की दुसरा, तिसरा आणि चौथा हे तिन्ही मजले दाबले जातात. तिसऱ्यावर दार उघडतं. समोर भाजीची पिशवी घेतलेल्या काकू. नजरानजर होते. गृहस्थ हसतमुखाने म्हणतात, “या ना काकू, काही करत नाही हो तो!” काकू जिन्याने जातात. गृहस्थांचं म्हणणं तसं खरंच आहे. जिथे वळायलाही जागा नाही तिथे तो बिचारा करणार काय?

आता त्याच लिफ्टच्या बाहेर लावलेली दुसरी पाटी वाचा. ‘घरकामाच्या बायका व डिलिव्हरीवाल्यांनी ही लिफ्ट वापरू नये.’ ठराव एकमताने मंजूर झालेला आहे. सत्तर किलोंचा ब्रूनो लाळ गाळत लिफ्टने वर जातो आणि त्याची लाळ पुसणारी पंचेचाळीस किलोंची बाई पाच जिने चढून वर येते. याला हे लोक प्राणिप्रेम म्हणतात. ब्रूनोला यातलं काही कळत नाही, त्यामुळे त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. ज्यांना कळतं त्यांच्यावर धरायला हरकत नसावी.

पण लिफ्टची खरी परीक्षा ती बंद पडते तेव्हा. ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, जर्मन शेफर्ड अशा खोल छातीच्या कुत्र्यांत एक जीवघेणा प्रकार होतो. जठर वाऱ्याने फुगतं आणि स्वतःभोवती पीळ खातं. कुत्रा ओकायला बघतो, बाहेर फेसाशिवाय काही येत नाही, पोट नगाऱ्यासारखं ताणतं. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर तो मरतो. हे रात्री दोन वाजता होतं, वीज गेलेली असते आणि जनरेटरचं डिझेल भरायचं राहिलेलं असतं. मग वॉचमन, वरच्या मजल्यावरचा कॉलेजचा पोरगा, गृहस्थ आणि त्यांचे मेहुणे डबलबेडच्या चादरीची चार टोकं धरतात आणि जिना उतरू लागतात. प्रत्येक वळणावर चादर कठड्याला अडकते. मेहुण्यांची कंबर त्या रात्रीपासून जी धरली ती धरलीच. कुत्रा घेण्याआधी तांदळाचे पंचवीस किलोंचे तीन कट्टे एकत्र बांधून पाचव्या मजल्यावरून उतरवून बघायला कुणाची हरकत नव्हती. पण तेव्हा सगळे ब्रूनो नाव ठेवायचं की सिम्बा, यावर मतदान घेत होते.

नावानंतर येते कॅल्शियमची बाटली. हाडं दणकट व्हावीत म्हणून शेजारच्यांनी सांगितलेलं, दुकानदाराने दिलेलं, सकाळ-संध्याकाळ दोन चमचे. मोठ्या जातीच्या पिल्लाचं शरीर जादा कॅल्शियम धड बाहेर टाकू शकत नाही. त्याने हाडं दणकट होत नाहीत, वाकडी होतात. या पिल्लांना सावकाश वाढू द्यायचं असतं, बारीक ठेवायचं असतं. दीड-दोन वर्षांचं होईपर्यंत त्याचा सांगाडा पक्का झालेला नसतो. आमच्याकडे मात्र गुबगुबीत दिसला नाही तर पाहुणे विचारतात, “खायला घालत नाही का हो?” वर घरभर आरशासारख्या व्हिट्रिफाइड टाइल्स. त्यावर चारी पाय चार दिशांना घसरत वाढलेल्या आणि आधीच कमजोर खुबे वारशाने घेऊन आलेल्या पिल्लाचं पुढे काय होतं, ते एक्स-रेत दिसतं.

वारसा कुठून आला, ते विकणाऱ्याला विचारायला हवं होतं. तो फोनवर ‘डबल बोन’, ‘हेवी बोन’ म्हणतो, ‘पेपरवाला’ आणि ‘विदाउट पेपर’ असे दोन भाव सांगतो. २०१७च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि नोंदणीशिवाय पैदास करता येत नाही. पाच आठवड्यांचं पिल्लू हातात ठेवताना हा विकणारा ते आठचंच आहे म्हणून शपथ घेतो.

आणि मग दोन वर्षांनी एके सकाळी ब्रूनो दिसत नाही. चौकशी केली की उत्तर ठरलेलं : “फार्महाऊसवर पाठवला. तिथे मोकळं आहे, मजेत आहे.” शहरातले एवढे ब्रूनो जर खरंच फार्महाऊसवर गेले असते तर मुळशीत माणसाला पाय ठेवायला जागा उरली नसती. गेलेत कुठे? हायवेच्या ढाब्यामागे, घाटात, पेट्रोलपंपाच्या भिंतीला बांधून. ज्याने आयुष्यात कधी उकिरडा हुंगला नाही, ज्याला रोज किलोभर खाणं लागतं, त्याला भर उन्हात सोडून निघून यायचं आणि घरी येऊन मुलीला सांगायचं की तो मजेत आहे. ग्रेट डेनचं आयुष्य तसंही सात ते दहा वर्षांचं. अमेरिकेतल्या झ्यूस नावाच्या ग्रेट डेनची जगातला सर्वांत उंच कुत्रा म्हणून नोंद होती, खांद्यापाशी १११.८ सेंटिमीटर, २०१४ साली तो गेला तेव्हा त्याला सहा वर्षंही पूर्ण झाली नव्हती. एवढीही वर्षं ज्यांना निभावता येत नाहीत त्यांनी मुलीला सायकल घ्यावी.

तरीही हौस असेलच, तर पिल्लू बघायला गेल्यावर आधी त्याची आई बघायला मागा आणि आई-बापाच्या खुब्यांचे एक्स-रे मागा. विकणारा जर म्हणाला, “आई गावाला गेलीय,” तर पैसे खिशात ठेवा आणि निघा.