अर्धवट आहे, पण चालू आहे

अर्धवट राहिलेला व्हिडिओ गेम स्पर्धेत जमा करायला बीड जिल्ह्यातल्या पोरापोरींनी लाजायचं काहीच कारण नाही. अशा स्पर्धेचा, म्हणजे गेम जॅमचा, रिवाजच तसा आहे. विषय आयत्या वेळी जाहीर होतो, बहुधा ४८ तासांची मुदत मिळते आणि मुदत संपली की खेळ ज्या अवस्थेत असेल त्या अवस्थेत जमा करायचा. आपल्याकडेही मुदती असतात, पण त्या वाढवून घेण्यासाठी. अहमदनगर-बीड-परळी रेल्वेमार्गाला मंजुरी मिळाली १९९५ मध्ये. लांबी २६१ किलोमीटर, खर्चाचा अंदाज साडेतीनशे कोटींच्या घरात. त्यावर पहिली प्रवासी गाडी धावली २३ सप्टेंबर २०२२ रोजी, तीही नगर ते आष्टी, ६६ किलोमीटर. बीड शहराला गाडी दिसायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडला. तोवर खर्च साडेचार हजार कोटींच्या पुढे गेला होता, खुद्द नगरचं अहिल्यानगर झालं होतं आणि परळीचा टप्पा बाकीच होता.

यावर कुणी म्हणेल, अर्धवट काम खपवून घेतलं की असंच होतं. मला नेमकं उलटं दिसतं. आष्टीपर्यंतची गाडी ही त्या अख्ख्या प्रकल्पातली सगळ्यांत प्रामाणिक गोष्ट होती. तिकीट काढून तिच्यात बसता येत होतं, वेळापत्रकाला शिव्या घालता येत होत्या, डब्यात माणसं किती हे मोजता येत होतं. अर्धवट तो प्रकल्प रुळांवर गाडी आल्यावर दिसला. त्याआधी दर निवडणुकीच्या भाषणात तो पूर्णच होत होता. दोष तुकडा लोकांपुढे ठेवण्यात नाही, तो सत्तावीस वर्षं न ठेवण्यात आहे. गेम जॅमवाले हेच ४८ तासांत उरकतात, एवढाच काय तो फरक.

आणि तुकड्याचं पुढे काही होत नाही, हेही खरं नाही. ‘सर्जन सिम्युलेटर’ हा खेळ २०१३ च्या ग्लोबल गेम जॅममध्ये ४८ तासांत उभा राहिला. त्याच वर्षी वाढवून विक्रीला आला. ‘बाबा इज यू’मध्ये खेळाचे नियमच शब्दांच्या ठोकळ्यांत मांडलेले असतात आणि ते ढकलून बदलता येतात. ही एकच कल्पना २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये तपासली गेली आणि पूर्ण खेळ २०१९ मध्ये आला. ‘गोट सिम्युलेटर’च्या कर्त्यांनी तर खेळ बंद पाडणारे दोष तेवढे काढले आणि बाकीचे गंमत म्हणून मुद्दाम ठेवले. प्रयोग म्हणून केलेल्या खेळात तपासायची असते ती एक कल्पना. दहा पातळ्या, पार्श्वसंगीत आणि श्रेयनामावली नसली तरी ती कल्पना चालते की नाही, हे पाच मिनिटांत कळतं.

अर्धवट वस्तू लोकांच्या गळ्यात मारणं ही फसवणूक नाही का? अर्धवटपणा लपवला तर आहेच. म्हणून तर हे खेळ जिथे ठेवले जातात त्या इच डॉट आयओवर खेळाची अवस्था विचारणारा एक रकाना असतो. प्रसिद्ध झाला, काम चालू आहे, रखडला, रद्द झाला, नुसता नमुना आहे, यांतलं एक निवडायचं. ‘रखडला’ हा पर्याय कर्त्याने स्वतःच्या हाताने निवडायचा! आपल्या कोनशिलांवर मान्यवरांची नावं पदांसकट मावतात, या एका शब्दाला मात्र जागा उरत नाही.

राहता राहिला घरच्यांचा आक्षेप, की खेळ कसले बनवता, भरतीचा अभ्यास करा. तो रास्त आहे. बापाने ऊसतोडीला जाऊन पोराला शिकवलं असेल, तर त्याला नोकरी दिसायला हवी. पण गोदो हे खेळ बनवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, साध्या संगणकावर चालतं आणि जॅमला लागतो एक शनिवार-रविवार. भरतीची जाहिरात, परीक्षा, निकाल आणि नेमणूक यांच्यामधल्या रिकाम्या जागेत असे शनिवार-रविवार भरपूर बसतात.