नॅनोची मागची चाकं

एखाद्या सोसायटीच्या कोपऱ्यात धूळ खात उभी असलेली नॅनो दिसली, तर तिच्या चाकांकडे जरा वाकून बघावं. पुढचे टायर १३५ मिलिमीटर रुंद आणि मागचे १५५. २००८ साली जगापुढे आलेली ही लाखाची गाडी. ती घडवणाऱ्या गिरीश वाघ यांच्या चमूने काटकसर अशी केली की पुणेकरानेही मान डोलवावी: वायपर एकच, आणि चाकाला नट तीनच. मग टायरच दोन मापांचे घ्यायची चैन कशासाठी?

कारण इंजिन मागे, सीटखाली. वळणावर जड शेपूट बाहेर फेकलं जायला बघतं. मागचे टायर पुढच्याइतकेच बारीक असते तर ते आधी घसरले असते आणि गाडीने गिरकी घेतली असती. म्हणून जिकडे भार, तिकडे रुंदी.

आपल्याकडे मात्र रुंद टायर हा दागिना आहे. छोट्या गाडीला जाडजूड टायर घालून ‘आता बघा कशी रस्ता धरते!’ असं सांगणारे काका प्रत्येक पार्किंगमध्ये असतात. हिशेब साधा आहे. हजार किलोची गाडी, टायरमध्ये ३२ पीएसआय हवा. तर प्रत्येक टायर रस्त्याला टेकतो तो पोस्टकार्डापेक्षाही थोड्या कमी जागेवर. हवा तेवढीच ठेवून टायर रुंद केला, तरी हे क्षेत्रफळ फारसं वाढत नाही. पोस्टकार्ड नुसतं आडवं होतं. कोरड्या रस्त्यावर वळताना त्याचा फायदा होतो, हे काकांच्या बाजूने मान्य करायला हवं. पण जुलैत, रस्त्याचा ओढा झालेला असताना, आडव्या टायरला समोरचं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. ते जमलं नाही की गाडी पाण्यावर तरंगते, आणि हलकी गाडी जरा लवकरच.

मग गाडी जड असली की झालं? तसंही नाही. वजन ठेवलंय कुठे, हे बघायला हवं. कोकणातून परतताना टपावर आंब्याच्या पेट्या रचलेली गाडी जड झालेली असते खरी, पण कात्रजच्या वळणावर ती जातानापेक्षा जास्त कलते. भार वर गेला आणि चाकांमधलं अंतर होतं तेवढंच राहिलं. तीनचाकी रिक्षाचं दुखणं आणखी वेगळं. भर वळणात ब्रेक दाबला की भार पुढच्या चाकाकडे धावतो, आणि ते बिचारं एकटंच. रिक्षावाले मात्र हे गणित न मांडताही रोज सोडवतात. सोडवताना मागे बसलेल्यांनी दांडा घट्ट धरावा, एवढंच.

नॅनोवाल्यांची अडचण निराळीच होती. मागचे टायर पुढे आणि पुढचे मागे फिरवून आणखी काही हजार किलोमीटर काढायचा आपला परंपरागत हक्क त्या वीस मिलिमीटरनी काढून घेतला.