दोन वाऱ्यांमधली स्ट्रॉबेरी

आमच्या आळंदीत भिंतीवरचं कॅलेंडर हे सिलिंडर कधी लावला ते लिहायला असतं. बाकी सगळा हिशेब वारीचा. घराला रंग पालखीच्या आधी, पोरीचं लग्न कार्तिकीनंतर. त्यामुळे ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींच्या पालखीने प्रस्थान ठेवलं की दुसऱ्या दिवशी गच्चीवर स्ट्रॉबेरी लावायची, हा माझा बेत गल्लीत कुणालाच वावगा वाटला नाही. पाऊस पडला की लावायचं! चाकणच्या कारखान्यात तीस वर्षं गिअरचे दात मोजले म्हणून काय झालं, एवढी शेती रक्तात असतेच.

सहा कुंड्या, सहा रोपं. पालखी पंढरपुरात पोचेपर्यंत त्यातली चार थेट वैकुंठाला पोचली. उरलेली दोन जिवंत आहेत की नाहीत, यावर घरात मतभेद होते.

"अहो, भिंत चालली त्या गावात राहतो म्हणून काहीही चालतं असं नसतं," ही म्हणाली. "ज्यांची स्ट्रॉबेरी जगते त्यांना जाऊन विचारा."

गणपती उठले आणि आम्ही भिलारला निघालो. आळंदीहून पीएमटी, स्वारगेटहून महाबळेश्वरची एसटी. खंबाटकीत मी घोरत होतो म्हणे. पसरणी घाटात मात्र प्रत्येक वळणाला शेजारच्या गृहस्थांच्या मांडीवर जात असल्यामुळे झोपेचा प्रश्नच नव्हता.

डोळ्यांपुढे लालचुटूक मळे होते. पाचगणी सोडल्यावर स्ट्रॉबेरी दिसायलाही लागली: पाट्यांवर, जीपच्या काचेवर, एका हॉटेलच्या दारात तर माणसाएवढी, सिमेंटची. फक्त शेतात नव्हती. शेतात तांबड्या मातीचे गादीवाफे होते आणि दोन माणसं त्यावर काळा मल्चिंग पेपर ताणत होती.

"पाव्हणं, खायची आसंल तर नाताळात या," त्यातला एक म्हणाला. "आत्ता लावायचं दिस हायेत."

मग वाफ्याच्या कडेला उकिडवं बसून त्याने माझी शिकवणी घेतली. परदेशातून मदर प्लांट येतात ते जूनच्या सुमारास, पण ते खाली वाईला. वरचा पाऊस त्यांना सोसायचा नाही. तिथल्या नर्सरीत त्यांचे धुमारे, म्हणजे रनर, पिशव्यांत रुजवायचे आणि पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात वर आणून लावायचे. दिवस लहान झाला, रात्री गारवा पडला, की फूल धरतं. २०१० साली जीआय मानांकन मिळवलेल्या मुलखातला हा माणूस. त्याला मी जूनमध्ये काय केलं ते सांगितलं, तर तो पेपर ताणायचा थांबला.

"आणि ह्यो बघा गाभा." मुळं आणि पानं यांच्यामधल्या जाडसर बुंध्यावर त्याने अंगठा टेकवला. "ह्यो मातीच्या वर ऱ्हायला पायजे. पुरला की कुजला."

मी गाभाच काय, अर्धी पानंही पुरली होती.

"तुमच्याकडं ऊन लई. दसऱ्याला लावा. आन् पयली फुलं खुडून टाका, झाडाला जोर येतो."

तेवढ्यात पावसाची सर आली. भिलार हे २०१७ पासून पुस्तकांचं गाव, म्हणजे घराघरांत कपाटं. एका ओसरीवर आडोशाला शिरलो, तर ही कथासंग्रह उघडून बसली. पाऊस थांबला, फाट्यावरून दोन एसट्या गेल्या, कथा काही संपेना. शेवटी सहा रोपं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून परतलो. "मेथी काय भावानं?" असं वाटेत तिघांनी विचारलं.

दसऱ्याला लावली. गाभा वर, माती खाली. कार्तिकीच्या सुमारास पहिली फुलं आली, पांढरी, पाच पाकळ्यांची, मध्ये पिवळा ठिपका. खुडायची होती खरी, पण हात धजेना. रोज सकाळी कात्री घेऊन गच्चीवर जायचो आणि चहा पिऊन खाली यायचो.

वद्य एकादशीला घर वारकऱ्यांनी भरलेलं. पहाटे वर गेलो, तर कुंड्यांत एक फूल नाही. परभणीकडच्या आजी लुगडं वाळत घालत होत्या, आणि त्यांच्या डोक्यावरच्या छोट्या तुळशीवृंदावनात माझी सगळी फुलं.

"लेकरा," त्या म्हणाल्या, "तुझ्या मोगऱ्याला वासच न्हाई की रं. पाणी कमी घालतूस का?"