करेक्शनकाका

जुन्या सोसायटीच्या नोटीस बोर्डाला काच असते, काचेला कुलूप असतं आणि कुलपाला दोन किल्ल्या असतात. एक सेक्रेटरीकडे. दुसरी करेक्शनकाकांकडे. ती त्यांना कोणी दिली याची नोंद कमिटीच्या कुठल्याही मिनिट्समध्ये सापडत नाही.

करेक्शनकाका म्हणजे एक गृहस्थ नव्हे, ती जमात आहे. डोंबिवलीत आहे, कोथरूडला आहे; नौपाड्यात तर एकेका इमारतीत दोन-दोन आहेत आणि त्यांचं आपसात बोलणं नाही. बहुतेक जण कुठल्या तरी कार्यालयाच्या एस्टॅब्लिशमेंट सेक्शनमधून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. खिशाला लाल रिफिलचं पेन आणि त्याच्याखाली शर्टावर रुपयाएवढा लाल डाग. घरात देवघराच्या शेजारच्या फडताळात खाकी कव्हर घातलेलं रेन अँड मार्टिन. त्यातल्या रेनसाहेबाने १९२४ साली फ्रेंच पलटणीतल्या साहसांवर ‘बो जेस्ट’ नावाची तुफान खपाची कादंबरी लिहिली, हे काकांना सांगितलं तर ते दुखावतात. व्याकरण लिहिणारा माणूस असले उद्योग करील, हे त्यांना पटत नाही.

काका कामाला लागलेले बघायचे तर टाकी साफ व्हायच्या आदल्या दिवशी खाली जावं. सेक्रेटरीने घाईघाईत नोटीस लावलेली असते: ‘धिस इज टु इन्फॉर्म टु ऑल मेंबर्स दॅट टुमॉरो टँक क्लीनिंग इज देअर. वॉटर विल नॉट कम. काइंडली स्टोअर टुडे ओन्ली.’ काका आधी लांबून वाचतात, मग चष्मा कपाळावर चढवून जवळून. कुलूप उघडतात. ‘इन्फॉर्म’नंतरचा ‘टु’ आडवा करतात. ‘टँक’च्या आधी छत्री काढून वर ‘द’ बसवतात. ‘इज देअर’खाली नागमोडी रेघ. आणि ‘ओन्ली’भोवती एकावर एक तीन वर्तुळं, कागद फाटेपर्यंत. संध्याकाळी बोर्डासमोर दहा-बारा माणसं जमतात, काकांनी आज काय काय खोडलं ते वाचतात, हसतात आणि वर जातात. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर कोणाकडेच पाणी नसतं.

आता सेक्रेटरीची बाजू. त्याच्या नोटिशीत एकही चूक वाटेल तशी पडलेली नाही. ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की’ हे वाक्य त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. त्या ‘सभासदांना’मधला ‘ना’ इंग्रजीत जाताना टाकून कसा द्यायचा? म्हणून त्याने त्याला ‘टु’चा सदरा घातला. ‘उद्या टाकीची सफाई आहे’ यातला ‘आहे’ म्हणजेच ते ‘इज देअर’. ‘द’ नसायचं कारण तर आणखी साधं. मराठीत ते उपपदच नाही. वेळ पडली तर आपण ‘एक’ वापरतो (‘एक माणूस आला होता’), पण ‘द’च्या जागी बसवायला आपल्या दुकानात मालच नाही. राहिला ‘ओन्ली’. ‘आजच भरून ठेवा’ यातला ‘च’ शब्दाच्या शेपटाला लटकतो, म्हणून ‘टुडे ओन्ली’. इंग्रज तो बहुतेक वेळा शब्दाच्या आधी ठेवतो, आपण मागे. थोडक्यात, सेक्रेटरीने बिनचूक मराठी लिहिली होती, फक्त स्पेलिंग इंग्रजी होतं.

हीच गोष्ट ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ची. भाडेकरूंच्या फॉर्मात असं काही दिसलं की काकांना घाम फुटतो. इंग्रजीत ‘हॅव’, ‘नो’, ‘अंडरस्टँड’ ही स्थिती दाखवणारी क्रियापदं अशी चालू काळात सहसा जात नाहीत. मराठी माणूस मात्र ‘मला समजतंय’, ‘मला वाटतंय’, ‘मला आठवतंय’ असं दिवसभर म्हणत असतो आणि कोणाचं काही बिघडत नाही. मुंबईचे इंग्रजी कवी निस्सिम इझिकेल यांनी या चालू काळाच्या हौसेवर अख्ख्या कविता रचल्या, त्या कॉलेजांतून शिकवल्याही गेल्या. काकांनी त्यातली एक नातीच्या पुस्तकात पाहिली आणि पहिल्या चार ओळी दुरुस्त करून दिल्या.

काकांच्या स्वतःच्या इंग्रजीबद्दल सोसायटीत जरा हळू आवाजात बोलतात. ते चुकत नाही, पण ते कंपनी सरकारच्या काळातलं आहे. पंपवाल्याला ते लिहितात, ‘विथ रेफरन्स टु द अबव्ह सब्जेक्ट, आय बेग टु स्टेट…’ आणि शेवट ‘काइंडली डू द नीडफुल अँड ऑब्लाइज’. पंपवाला तो कागद गणपतीच्या फोटोमागे खोचून ठेवतो आणि काकांना फोन करून विचारतो, “काका, मोटर बंद पडलीय का?” इंग्लंडात ‘डू द नीडफुल’ कधीच जुनंपुराणं झालं. ते आपल्या कार्यालयांत फाइलीबरोबर फिरत राहिलं आणि काकांबरोबर निवृत्त होऊन घरी आलं.

नियम कुठून आले याची चौकशी काकांना आवडत नाही. वाक्य ‘विथ’ किंवा ‘ऑफ’वर संपवू नये, हा त्यांचा लाडका नियम. त्याचं खापर बरंचसं कवी ड्रायडनवर फुटतं. १६७२ साली त्याने बेन जॉन्सनच्या लेखनात ही खोड काढली आणि पुढे स्वतःच्या जुन्या लेखनातली असली वाक्यंही सुधारत बसला. म्हणजे तोही करेक्शनकाकाच. शेक्सपिअरने तर ‘ज्युलिअस सीझर’मध्ये एकावर एक असे दोन तमभाव चढवले आहेत, तो आज असता तर त्याला नोटीस बोर्डाची किल्ली मिळाली नसती.

‘प्रीपोन’चं प्रकरण सोसायटी अजून विसरलेली नाही. जनरल बॉडीची मीटिंग रविवारऐवजी शनिवारी घ्यायची म्हणून कमिटीने ‘मीटिंग इज प्रीपोन्ड’ असं लिहिलं. काकांनी शब्द खोडला आणि बाजूला लिहिलं, ‘नो सच वर्ड’. दुसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईंनी मोबाइल पुढे केला. “काका, ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे हो.” काकांनी स्क्रीन आधी लांब धरली, मग जवळ. “म्हणजे ऑक्सफर्डही बिघडलं,” ते म्हणाले. मीटिंग शनिवारीच झाली. काका निषेध म्हणून रविवारी आले.

पण जगात आपण एकटे नाही, हे त्यांना एकदा कळलं होतं. इंग्लंडात लिंकनशरमधल्या बॉस्टन गावी जॉन रिचर्ड्स नावाच्या निवृत्त पत्रकाराने २००१ साली अपॉस्ट्रॉफी बचाव संस्था काढली होती. तिकडच्या भाजीवाल्यांना ‘टोमॅटोज’मधल्या शेवटच्या अक्षराआधी उगाच शेंडी ठेवायची खोड, इतकी जुनी की त्या चिन्हाला ‘भाजीवाल्याचा अपॉस्ट्रॉफी’ असं नावच पडलं. रिचर्ड्ससाहेब दुकानदारांना नम्र पत्रं धाडत. त्याबद्दल त्याच वर्षी त्यांना इग नोबेल हे थट्टेचं पारितोषिकही मिळालं. २०१९ मध्ये, वयाच्या ९६व्या वर्षी, त्यांनी संस्था बंद केली आणि अज्ञान व आळस जिंकला असं जाहीर करून टाकलं. काकांनी ही बातमी पेपरात वाचली. त्या दिवशी त्यांनी दुपारचा चहा घेतला नाही. संध्याकाळी मात्र कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले आणि त्याच्या पाटीवरच्या ‘कॉपीज’मधली शेंडी व्हाइटनरने पुसून आले. झेरॉक्सवाल्याला वाटलं, कावळा बसला असेल.

गेल्या महिन्यात काकू माहेरी गेल्या आणि दूध जास्त होऊ लागलं. काकांनी दाराच्या पिशवीत चिठ्ठी ठेवली: ‘फ्रॉम टुमॉरो हाफ लिटर ओन्ली.’ समोरच्या सूनबाईंनी ती वाचली. “काका, ‘ओन्ली’ मागे?” काका जरा गोरेमोरे झाले. मग म्हणाले, “अगं, चेकवर लिहितात ना, रुपीज फाइव्ह हंड्रेड ओन्ली? मग!”

दुसऱ्या दिवशी पिशवीत अर्धा लिटरच होतं. खाली दूधवाल्याचं बिल: ‘टोटल एट हंड्रेड फॉर्टी ओन्ली.’ काकांनी लाल पेन उघडलं, बिल दोनदा खालून वर वाचलं, मग बेरीज तपासली. शेवटी कोपऱ्यात ‘सीन’ लिहून तारखेसकट सही केली.